सिंगापूरच्या दगडांचे वय कसे काढले?

सिंगापूरला गेलेली आपली माणसे बहुधा दोन ठिकाणी जातातच. एक म्हणजे वॉटरलू स्ट्रीटवरचे 1878 सालचे मागेन आबोथ सिनेगॉग आणि दुसरे सेंटोसा बेट. सेंटोसाच्या पश्चिम टोकाला सिलोसो किल्ला आहे. तेथल्या इंग्रजांच्या तोफा पाहून, फोटो काढून मंडळी परत फिरतात. किल्ला ज्या टेकडीवर आहे तिच्या समुद्राकडच्या कड्याकडे मात्र कोणी फारसे पाहत नाही. तांबड्या-जांभळट दगडाचे थरावर थर तेथे दिसतात, आणि ते आडवे नसून कललेले आहेत.

हे थर कशाचे बनले आहेत आणि किती जुने आहेत? पहिल्या प्रश्नाचे उत्तर भिंगाखाली मिळते. दुसरा अवघड आहे, आणि नातवंडे नेमका तोच विचारतात: "आजोबा, वीस कोटी वर्षे म्हणता, पण मोजायला कोण बसले होते?" प्रश्न रास्त आहे. "शास्त्रज्ञ म्हणतात म्हणून" असे उत्तर आम्ही वर्गात कधी दिले नाही, येथेही देणार नाही.

आपण मूळचे कोकणातले. आपल्या डोळ्यांपुढे दगड म्हणजे काळा पत्थर, नाहीतर जांभा. काळ्या पत्थराचा हिशेब सरळ आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून शिलारस वर आला आणि थिजला. थिजला तोच त्याचा जन्म. गाळाच्या दगडाचे तसे नाही. तो दुसऱ्या दगडांच्या चुऱ्यातून तयार होतो. डोंगर झिजतात, नदी रेती-चिखल वाहून आणते, तो तळाशी बसतो, वर आणखी गाळ येतो, दाबाने आणि पाण्यातल्या चुन्या-सिलिकेने तो घट्ट होतो. म्हणजे दगड एका काळचा आणि त्यातला प्रत्येक कण त्याहून जुना, बहुधा निरनिराळ्या काळचा. दगडाचा तुकडा घेऊन सरळ त्याचे वय मोजू गेले तर कोणाचे वय मोजले हेच कळणार नाही.

आधी घडण पाहू. दगडाचा तुकडा काचेवर चिकटवून घासत घासत 0.03 मिलिमीटर जाडीचा करतात. एवढा पातळ दगड पारदर्शक होतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण ओळखून मोजतात: गारेचे किती, फेल्डस्पारचे किती, जुन्या दगडांचे बारीक तुकडे किती, ज्वालामुखीची राख किती. फेल्डस्पार उष्ण दमट हवेत लवकर कुजून त्याची माती होते. तो धडधाकट दिसला तर गाळ दूरवरून आलेला नाही, किंवा फार घाईने पुरला गेला, असे समजावे. गार मात्र चिवट; हजार कोसांचा प्रवास करूनही टिकते. गोल गोटे असलेला दगड म्हणजे जोराच्या प्रवाहाची नदी. बारीक चिखलाचा दगड म्हणजे संथ पाणी. चुनखडी म्हणजे बहुधा उबदार उथळ समुद्र. आमचे भूगोलाचे एक जुने शिक्षक म्हणत की नदी स्वतःचे दप्तर स्वतःच लिहिते, फक्त तारीख घालायची विसरते.

ती तारीख शोधण्याचा सिंगापुरातला पहिला प्रयत्न जीवाश्मांवरून झाला. मलाया संस्थानांचे भूवैज्ञानिक जॉन स्क्रिव्हेनर यांना सिंगापूर शहराच्या दक्षिणेस माउंट गथ्री येथे शिंपल्यांचे ठसे सापडले. 1906 साली न्यूटन नावाच्या इंग्रज तज्ज्ञाने त्यांचे वर्णन छापले व ते ज्युरासिक काळातले ठरविले. पुढे 1968 साली कोबायाशी आणि तामुरा या जपानी अभ्यासकांनी तेथल्या शिंपल्यांचा विचार केला आणि ते त्याआधीच्या, म्हणजे ट्रायासिक काळाच्या उत्तरार्धातले ठरविले. यात न्यूटनला हसण्याचे कारण नाही. जीवाश्मावरून वय काढणे म्हणजे जुन्या फोटोतल्या पोशाखावरून साल ओळखणे. पोशाख ओळखीचा असला तर दशक बरोबर सांगता येते. पण फोटो पुसट असला तर चुकते. शिवाय नदीने घातलेल्या तांबड्या थरांत असे शिंपले जवळजवळ सापडतच नाहीत. तेथे काय करावे?

तेथे झिरकॉन कामाला येतो. हा एक अतिशय चिवट स्फटिक आहे, रेतीच्या कणाएवढा किंवा त्याहूनही लहान. शिलारस थंड होताना तो तयार होतो आणि तयार होताना थोडे युरेनियम आत घेतो, पण शिसे जवळजवळ घेत नाही. पुढे युरेनियमचे हळूहळू शिसे होत राहते. युरेनियम-238 यातले निम्मे शिसे व्हायला सुमारे 447 कोटी वर्षे लागतात, आणि युरेनियम-235 ला सुमारे 70 कोटी. म्हणजे एकाच कणात दोन घड्याळे, निरनिराळ्या वेगाची. दोन्हींनी एकच वेळ दाखविली तर विश्वास ठेवायचा; दोघांत तफावत पडली तर कणातून शिसे गळाले आहे असे समजून तो बाजूला ठेवायचा. "मोजायला कोण बसले होते" याचे उत्तर हेच. कण स्वतःच बसला होता, दोन घड्याळे घेऊन.

पण एक गोष्ट येथे नीट समजून घेतली पाहिजे, कारण वर्तमानपत्रे नेमकी येथेच घोटाळा करतात. ते घड्याळ कणाच्या जन्माचे आहे, थराच्या जन्माचे नाही.

आपल्या गेनिझाचे उदाहरण घ्या. फाटलेले सिद्दूर, जीर्ण पाने आपण फेकत नाही. गेनिझात साठवितो आणि मग पुरतो. समजा, असे एक गाठोडे पुढे कोणाला सापडले. त्यात एक पुस्तक मुंबईला 1890 साली छापलेले, एक पुण्याला 1925 साली, एक तेल अवीवला 1961 साली. गाठोडे केव्हा पुरले? 1890 आणि 1925 या सालांना येथे काही महत्त्व नाही. 1961 च्या आधी पुरले नाही, एवढे मात्र नक्की. 1962 साली पुरले असेल किंवा 1990 साली. रेतीच्या दगडातल्या झिरकॉनवरूनही एवढेच ठरते: सर्वांत तरुण कणाहून थर जुना असू शकत नाही. आणि एखादे पुस्तक मागाहून कोणी खुपसले असेल, या शंकेपायी एकाच कणावर भिस्त ठेवीत नाहीत; तेच वय दाखविणारे अनेक कण लागतात.

आता समजा, ते गाठोडे पुरण्याच्या दिवशीच्या वर्तमानपत्रात गुंडाळले होते. मग तारीखच मिळाली. दगडात ते वर्तमानपत्र म्हणजे ज्वालामुखीची राख. ज्वालामुखी फुटला, राख उडाली, थोड्याच काळात समुद्रतळाशी बसली. तिच्यातले झिरकॉन आणि तो थर जवळजवळ एकाच वयाचे. सिंगापूरचे नशीब असे की ट्रायासिक काळी जवळच ज्वालामुखींची रांग होती आणि जुन्या सागरी थरांत तिची राख भरपूर पडली आहे.

हे सारे अलीकडे पद्धतशीरपणे झाले. सिंगापूरच्या इमारत व बांधकाम प्राधिकरणाने बेटभर शंभरावर खोल भोके घेतली, पुष्कळशी 200 मीटरपर्यंत, आणि निघालेले दगडी दांडे ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या तज्ज्ञांबरोबर तपासले. भोके घ्यावीच लागतात. तेथल्या पावसाने व उन्हाने वरचा दगड खोलवर कुजून आपल्या जांभ्यासारखा तांबडा झालेला असतो. निष्कर्ष 2019 पासून प्रसिद्ध होऊ लागले. पूर्वी पश्चिमेकडच्या या सगळ्या थरांना मिळून 'जुरोंग' असे एकच नाव होते आणि सगळे ट्रायासिक-ज्युरासिक समजले जात. आता त्यांचे भाग पडले. तळाचे, राख असलेले सागरी थर सुमारे 24 कोटी वर्षांपूर्वीचे. सिलोसो किल्ल्याखालचे, नदी व पूरमैदानातले थर त्यानंतरचे, ट्रायासिकच्या अखेरीच्या सुमाराचे. आणि काही थर, ज्यांना आता कुसू व बुकित बातोक ही नावे आहेत, ते तर क्रिटेशस काळाच्या पूर्वार्धातले, म्हणजे साडेचौदा कोटी वर्षांच्या अलीकडचे निघाले! (कुसू हे बेटाचे नाव, तेथे कासवांचे देऊळ आहे.) दिसायला सारखे दोन थर, पण मधे कोट्यवधी वर्षांची फट. दोन भूखंडांची टक्कर, थरांना घड्या पडणे, डोंगर उठणे आणि झिजणे, एवढे सगळे अशा फटीत घडून जाते.

कोणी म्हणेल, असेना का फट, कोणाला काय फरक पडतो? सिंगापूरला पडतो. त्या देशाला जमीन थोडी, म्हणून तो खाली उतरतो आहे. 2014 साली जुरोंग बेटाजवळ समुद्रतळाच्या 130 मीटर खाली खडकात गुहा खोदून तेलाचा साठा करण्याची सोय झाली. 14 लाख 70 हजार घनमीटर मावेल एवढी. त्या गुहा याच जुरोंग थरांत आहेत. भोवतालच्या खडकातल्या पाण्याचा दाब तेलाला बाहेर जाऊ देत नाही, म्हणून भेगा कोठे आहेत, पाणी किती झिरपते हे आधी कळावे लागते. कोणता थर कोणाखाली आहे हे न कळता घड्या आणि भेगांचा नकाशा काढता येत नाही, आणि थर ओळखायला वय लागते. तेथली चुनखडी तर जमिनीवर कोठेच दिसत नाही, फक्त भोकांत सापडते. तिच्यात पाण्याने पोकळ्या केलेल्या असतात, आणि इमारतीचा खांब अशा पोकळीवर आला तर काय होईल ते सांगायला नको. शहराच्या मध्यभागी, फोर्ट कॅनिंगच्या आसपास, आणखी एक फसवणूक आहे: कठीण चिकणमातीत वालुकाश्माचे मोठमोठे धोंडे. भोक धोंड्याला लागले की वाटते, खडक लागला! खाली मात्र पुन्हा माती.

राहिला बेरेशीतचा प्रश्न. आपल्या लुआहवर पाच हजारांच्या घरातले साल, आणि येथे कोटींची भाषा. काही घरांत या विषयावरून वाद होतात हे आम्हांस ठाऊक आहे. त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की हा वाद नवा नाही आणि त्याला भिऊन पळणारेही सगळे नव्हते. मिश्नेवर 'तिफेरेत इस्राएल' हे भाष्य लिहिणारे रब्बी इस्राएल लिप्शित्झ यांनी 1842 साली दान्झिगमध्ये 'देरुश ओर हाहायीम' या प्रवचनात जमिनीखालचे थर आणि सायबेरियात सापडलेल्या महाकाय हत्तीची हाडे यांचा विचार केला, आणि आपल्या जगाआधी जगे होऊन गेली या जुन्या परंपरेशी त्यांचा मेळ घातला. त्यांचा मेळ आजच्या विज्ञानाला जसाच्या तसा पटेल असे नाही. पण त्यांनी हाडे खोटी म्हटली नाहीत.

सिंगापूरला जाणाऱ्यांनी लॅब्राडोर उद्यानातला समुद्राकडचा कडाही पाहावा. केंट रिजवर विद्यापीठाच्या बाजूला थर किती उभे झाले आहेत तेही दिसते. दगड मात्र उचलू नयेत. ज्यांना इतक्या दूर जाणे नको त्यांनी मख्तेश रामोनमध्ये उतरावे. तेथे तळाशी सर्वांत जुने उघडे पडलेले थर ट्रायासिकच आहेत, आणि समुद्रातले आहेत: सिलोसोच्या काळातल्याच जगाचा दुसरा किनारा. सकाळी लवकर जावे. दहानंतर ऊन सोसत नाही.