काजळीतला चेंडू

काजळी म्हणजे पुसून टाकायची वस्तू, असेच आपण समजतो. पण १९८५ साली ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना ग्रॅफाइटच्या वाफेत साठ कार्बन अणूंचा पोकळ रेणू सापडला. बारा पंचकोन, वीस षट्कोन. थेट मुलांच्या सॉकरच्या चेंडूची शिवण! हा फुलरीन. १९९० साली क्रेचमर आणि हफमन यांनी हेलियममध्ये ग्रॅफाइटच्या दोन कांड्यांत विजेचा आर्क पेटवला, जमलेली काजळी बेन्झिनमध्ये कालवली आणि विरघळलेले फुलरीन वेगळे काढले. शोधाबद्दल १९९६ चे नोबेल पहिल्या तिघांना मिळाले.

मला यातला सर्वांत सुरस प्रश्न वाटतो तो असा: हा चेंडू बनतो कसा? ग्रॅफाइट म्हणजे षट्कोनी जाळीचे थरावर थर. त्याचा एखादा तुकडा सुटून गुंडाळला जातो, की सगळे अणू सुटे होऊन नव्याने जुळतात?

उत्तर मिळाले अणूंच्या वजनातून. बहुतेक कार्बन अणूंचे वजन १२ असते. शंभरात साधारण एकाचे १३. रासायनिक वागणूक जवळजवळ सारखीच. चेंडूत साठ अणू असल्यामुळे जवळजवळ निम्म्या चेंडूंत निदान एक तरी जड अणू असतोच.

शास्त्रज्ञांनी साध्या कार्बनबरोबर मुद्दाम जड कार्बनची पूड वापरून पाहिली. आता दोन रंगांचे लाडू डोळ्यांसमोर आणा. लाडूचे तुकडे तसेच चिकटवले तर रंगांचे पट्टे वेगळे राहतील; बुंदी मोकळी करून पुन्हा वळले तर प्रत्येक लाडवात दोन्ही रंग मिसळतील. तसेच, थर गुंडाळले जात असते तर ७२० किंवा ७८० वजनाच्या आसपासचेच चेंडू मिळाले असते. प्रत्यक्षात मधल्या वजनांचे, दोन्ही अणू मिसळलेले चेंडू मिळाले. म्हणजे आर्कमध्ये बुंदी मोकळी होते!

याच आर्कमध्ये ऋण कांडीवर जो थर साचतो, त्यात १९९१ साली जपानच्या इजिमा यांना कार्बनच्या सूक्ष्म नळ्या दिसल्या. वाफ तीच, पण एकीकडे चेंडू, दुसरीकडे नळ्या.

मात्र निसर्गाला एकच वाट असते असे नाही. २०१० साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ग्रॅफाइटच्या एका सुट्या थराचा तुकडा खरोखरच वळून चेंडू होताना दिसला. म्हणून आर्कचे उत्तर आर्कपुरतेच. फुलरीन जास्त हवे असेल, तर तेथे लक्ष द्यायचे ते कांडीतल्या थरांच्या रचनेकडे नव्हे, तर वाफ कशी होते आणि किती वेगाने निवते याकडे.