कंस सरकतो, सूर नाही

बाखने १७२० साली स्वतःच्या हाताने उतरवलेल्या एकल व्हायोलिनच्या रचना आजचा वादक ते पान समोर ठेवून वाजवू शकतो. आणि कॉम्प्युटरवर १९९९ साली लिहून ठेवलेली रचना? ती उघडेल का, हाच पहिला प्रश्न!

'फिनाले'चंच बघा. पाश्चात्त्य स्वरलेखनाचं हे सॉफ्टवेअर १९८८ मध्ये आलं आणि बघता बघता जगभरच्या संगीतकारांच्या टेबलावर जाऊन बसलं. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने जाहीर केलं, यापुढे नवी आवृत्ती नाही. गोची अशी की त्याच्या फाइलींच्या पोटात काय आहे ते फिनालेलाच नीट कळतं. साध्या एडिटरमध्ये उघडलीत तर नुसता कचरा दिसतो.

याच्या अगदी उलट टोकाला 'लिलीपॉन्ड' आहे. हान-वेन नीनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोघा डच मंडळींनी १९९६ मध्ये सुरू केलेलं हे मोफत सॉफ्टवेअर. इथे माउसने टिंबं ठेवत बसायचं नाही. स्वर अक्षरांत टाइप करायचे. पाच रेघांचं देखणं पान सॉफ्टवेअर स्वतः मांडतं. थोडक्यात, फाइल म्हणजे निव्वळ मजकूर. मग ती कायमची टिकली, नाही का?

नाही! कारण ते टाइप करायची भाषाच बदलत राहिली. तीन स्वर एका कमानीत जोडायचे, तर २००३ च्या आधी लिहायचे 'एफ( जी )ए'. बंद करणारा कंस शेवटच्या स्वराच्या आधी! तेव्हाच्या आवृत्ती २.० पासून तो स्वराच्या मागे गेला: 'एफ( जी ए)'. एवढासा कंस इकडचा तिकडे झाला. पण जुनी फाइल नव्या सॉफ्टवेअरला दिली की कमान एक स्वर आधीच संपणार. सूर तेच, पण व्हायोलिनवाल्याचा गज भलत्याच जागी वळणार.

यावरचा तोडगा मला त्या देखण्या पानांहूनही सुंदर वाटतो. फाइलीत वरच एक ओळ लिहून ठेवायची: ही अमुक आवृत्तीची भाषा आहे. सोबत 'कन्व्हर्ट-एलवाय' नावाचा छोटा प्रोग्राम येतो. तो आधी ती ओळ वाचतो आणि तिथून पुढचे बदल क्रमाने लागू करत आजपर्यंत येतो. सात-बाऱ्यावर कुठले फेरफार कधी झाले हे जसं नोंदींच्या क्रमाने लागतं, तसंच हे. थेट १९९० च्या दशकापासूनचे बदल त्याच्या पोटात आहेत. भाषा बदलायची मुभा आहे, पण बदलणाऱ्याने जुन्याचं नवं कसं करायचं तेही तिथे लिहून ठेवायचं. सांगितलंत तर तो मूळ फाइलीतच दुरुस्ती करतो, पण जुनी प्रत नावापुढे एक नागमोडी चिन्ह लावून शेजारी जपून ठेवतो.

आणि जमलं नाही तर? तेव्हा तो सरळ कबुली देतो: हे बदलण्याइतका मी हुशार नाही, माहितीपुस्तक बघा आणि हाताने करा. किती माणसं असं म्हणतात?

तो अडतो कुठे, हेही मोठं गमतीचं आहे. स्वर, ताल, कमानी बहुतेक सुखरूप पोचतात. अडचण येते ती लिहिणाऱ्याने केलेल्या खास कलाकुसरीत: ही दांडी जरा जाड कर, ते चिन्ह थोडं वर सरकव. पानाची मांडणी मुळात फाइलीत नसतेच, ती दर वेळी नव्याने मोजली जाते. त्यामुळे पंचवीस वर्षांपूर्वीची रचना आजच्या आवृत्तीत कधीकधी तेव्हापेक्षा नेटकी छापली जाते. जुनी फाइल आणि तरुण पान!

फिनालेवाल्यांना ही सोय नाही. पण 'म्युझिकएक्सएमएल' आहे. २००४ मध्ये पहिली आवृत्ती आलेला हा सगळ्यांना खुला, मजकुराच्या रूपातला साचा सिबेलियस, डोरिको, म्यूझस्कोर अशी बहुतेक सगळी स्वरलेखनाची सॉफ्टवेअर वाचतात. मांडणीतले बारकावे थोडे सांडतात, संगीत पोचतं. तेव्हा गोव्या-मुंबईच्या एखाद्या कॉयरसाठी तुम्ही फिनालेत काही लिहून ठेवलं असेल, तर फिनाले चालतंय तोवर ते उघडा, म्युझिकएक्सएमएलमध्ये काढा आणि जोडीला एक पीडीएफही ठेवा.