साहेबांचा खेळ, नोकराचे कसब

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरले आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्क्वॉशचा समावेश करण्याचा निर्णय तेथे झाला. या निमित्ताने याच शहरात झालेल्या एका जुन्या स्पर्धेचे स्मरण होणे साहजिक आहे. १९४४ साली मुंबईत भरलेली अखिल भारतीय व्यावसायिकांची स्क्वॉश स्पर्धा हाशिम खान या पेशावरकडच्या पठाणाने जिंकली व पुढील दोन वर्षे ते विजेतेपद राखले.

हाशिम पेशावरजवळच्या नवाकिले गावचा. त्याच्या जन्मतारखेची खात्रीलायक नोंद नाही. वडील ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या क्लबात नोकरीला होते. तेथील कोर्टांना छप्पर नव्हते. भिंतीवरून बाहेर गेलेला चेंडू धावत जाऊन आणून देणे हे पोरांचे काम. दुपारच्या उन्हात साहेब मंडळी आत विसावली की हा मुलगा टाकून दिलेला फुटका चेंडू घेऊन अनवाणी कोर्टात उतरे आणि एकटाच खेळत राही. प्रतिस्पर्ध्यावाचून, केवळ भिंतीच्या साथीने शिकता येईल असे खेळ थोडे. गरिबाच्या मुलाला स्क्वॉश साधला त्याचे एक कारण हेही असावे! १९४२ मध्ये तो हवाई दलाच्या अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये खेळाचा शिक्षक झाला.

‘व्यावसायिक खेळाडू’ या शब्दाचा त्या काळचा अर्थ येथे ध्यानात घेतला पाहिजे. आज त्या शब्दाबरोबर मानधन, जाहिराती आणि विमानप्रवास डोळ्यांपुढे येतात. त्या वेळी हौशी खेळाडू तो सद्गृहस्थ आणि व्यावसायिक तो पगारी नोकर, अशी सरळ विभागणी होती. आपल्याकडील क्लबांत त्याला ‘मार्कर’ म्हणत. सभासदांबरोबर खेळावे, त्यांना शिकवावे, गुण मोजावेत आणि खेळ संपल्यावर बाजूला व्हावे. कोर्टावर ज्याचे गुरुत्व मान्य, त्याला कोर्टाबाहेर बरोबरीची खुर्ची नाही, ही विसंगती कोणाला फारशी खटकत नसे.

फाळणीनंतर हाशिम पाकिस्तानात राहिला, तर त्याचा नातलग अब्दुल बारी भारतात. १९५० साली बारी ब्रिटिश ओपनच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि इजिप्तच्या महमूद करीमकडून हरला. ज्या बारीला आपण मुंबईत हरवले होते तो इतकी मजल मारतो, तर आपण का नाही, हा हाशिमचा हिशेब रोखठोक होता. पाकिस्तानच्या हवाई दलाने पाठबळ दिले आणि १९५१ मध्ये, पस्तिशी उलटलेल्या या शिक्षकाने सलग चार वर्षांच्या विजेत्या करीमला ९-५, ९-०, ९-० असे हरवले. इतर खेळाडू ज्या वयात निवृत्तीचे बोलू लागतात, तेथे याची कारकीर्द सुरू झाली. १९५८ पर्यंत त्याने ही स्पर्धा सात वेळा जिंकली. त्यांपैकी तीन अंतिम सामन्यांत पलीकडे त्याचा धाकटा भाऊ आझम होता.

एवढे होऊनही पोटापाण्याचा प्रश्न सुटला असे झाले नाही. जगज्जेता म्हणून ओळखला जाणारा हा खेळाडू १९६० च्या दशकात अमेरिकेस गेला, आणि तेथे काय केले? प्रथम डेट्रॉइट व नंतर डेन्व्हर येथील क्लबांत सभासदांना शिकवणे! क्लब बदलला, देश बदलला. नोकरीचे स्वरूप तेच राहिले. अर्थात अमेरिकेत त्याला आदर मिळाला, कुटुंब स्थिरावले. २०१४ मध्ये कोलोरॅडोतच त्याचे निधन झाले.

हौशी आणि व्यावसायिक ही भिंत १९८० च्या सुमारास पडली. २०२३ च्या हांगझाउ आशियाई स्पर्धेत पाकिस्तानला हरवून सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय पुरुष संघात मुंबईचा महेश माणगावकर होता, याचा अभिमान योग्यच आहे. पण आपल्याकडील कोर्टे आजही बहुतांशी क्लब, जिमखाने आणि लष्करी आवारांतच आहेत. ऑलिंपिकच्या तयारीसाठी सरकारी पैसा खर्च व्हायचा असेल, तर महापालिकेच्या शाळांतील मुलांना त्या आवारांत ठरावीक वेळ मिळेल, अशी अट त्याबरोबर घालण्यास क्रीडाखात्याला काय अडचण आहे?