नथीआधीचे सात महिने

इथल्या कुठल्याही महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला किंवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जा. पैठण्या खऱ्या, गजरेही कुठून कुठून मिळवलेले, पण नथ मात्र प्रेसची. माझ्या वयाच्या, म्हणजे तिशीतल्या बहुतेक जणींची नाकं टोचलेलीच नाहीत. मग ती दाबाची नथ तासाभरात नाक लाल करते आणि जेवताना नेमकी मसालेभातात पडते. मीही त्यातलीच एक. नाकापेक्षा मोती जड ही म्हण आमच्यासाठीच असावी, असं वाटायचं.

माझ्या आईची नथ मात्र टोचलेल्या नाकाची आहे. आजीकडून तिच्याकडे आलेली, सात मोत्यांची, मध्ये एक लाल खडा. तीन वर्षांपूर्वी बाबा गेले आणि महिनाभराने आईने ती डबीत घालून माझ्या हातात दिली. "आता तू घाल," एवढंच म्हणाली. तिला तसं करायला कुणी सांगितलं नव्हतं. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, राज्य सरकारनेही इतर ग्रामपंचायतींनी तो कित्ता गिरवावा म्हणून परिपत्रक काढलं, तेव्हा ती बातमी मला आईनेच कौतुकाने पाठवली होती. पण तेव्हा बाबा होते.

डबी न्यू जर्सीला आली. नथीला चाप लावून देणारे सोनार इथेही आहेत, पण त्यासाठी मूळ तार कापावी लागणार होती. ते मनाला पटेना. मेमध्ये पुण्यात मामेबहिणीचं लग्न होतं. ऑक्टोबरात मी नाक टोचून घ्यायचं ठरवलं.

सोनारानेच कान टोचावेत, असं आपण म्हणतो. इथे हे काम टोचण्याच्या स्टुडिओत होतं आणि तो बहुतेक वेळा टॅटूच्या दुकानातच असतो. आत गेल्यावर आधी फोटो ओळखपत्र, मग दोन पानांचं संमतीपत्र. रक्त पातळ करणारी औषधं घेता का, कुठल्या धातूची अॅलर्जी आहे का, जखमेचे वण वाढतात का, असे प्रश्न. टोचणारी मुलगी पंचविशीची, दोन्ही हात गोंदवलेले. तिला मी नथीचा फोटो दाखवला. तिने तार किती जाड, वजन किती, मोती ओठावर कुठे येतात, हे सगळं विचारलं आणि मग डाव्या नाकपुडीवर शाईने ठिपका काढून आरसा दिला. नुसती चमकी घालायची तर जागा थोडी वेगळी आणि नथ घालायची तर वेगळी, हे मला तिच्याकडून कळलं.

टोचायला बंदूक नाही, एकदाच वापरून फेकायची पोकळ सुई. त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. बंदूक बोथट खडा जोराने आत ढकलते, त्यामुळे आजूबाजूची त्वचा आणि कूर्चा चेचली जाते. शिवाय प्लॅस्टिकचे भाग असलेली बंदूक ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेत, निर्जंतुक करता येत नाही. पोकळ सुई स्वच्छ मार्ग करते. डोळ्यातून टचकन पाणी आलं, एक शिंक आली आणि संपलं.

मी बावीस कॅरेटची चमकी सोबत नेली होती. ती तिने नम्रपणे परत केली. ताज्या जखमेत इतकं मऊ सोनं नको, त्यावर बारीक ओरखडे पडतात आणि त्यांत घाण बसते, असं तिचं म्हणणं. चौदा ते अठरा कॅरेटचं, निकेल नसलेलं सोनं चालतं. स्वस्त दागिन्यांतल्या निकेलने अनेकांना खाज आणि पुरळ येतं. तिने शरीरात बसवायच्या दर्जाचं टायटॅनियम घातलं. मागे चपटी चकती आणि दांडी थोडी लांब, सुजेला जागा राहावी म्हणून. सूज उतरली की परत येऊन आखूड दांडी बसवून घ्यायची.

खरी कसोटी त्यानंतर सुरू झाली. कानाची पाळी साधारण सहा ते आठ आठवड्यांत भरते. नाकपुडीला मात्र चार ते सहा महिने, कधी त्याहूनही जास्त लागतात. त्वचा बाहेरच्या दोन्ही टोकांकडून आत भरत जाते. त्यामुळे महिन्याभरात वरून सगळं छान दिसतं, पण मधला बोगदा अजून कच्चाच असतो. फसगत होते ती इथे. लोक दागिना बदलतात आणि जखम पुन्हा उघडते.

काळजी म्हणाल तर फार थोडी. दिवसातून दोनदा ०.९ टक्के मिठाच्या निर्जंतुक पाण्याचा फवारा, मग कागदी रुमालाने हलकेच टिपणं. स्पिरिट नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड नाही, मलम नाही, पोहणं नाही. आणि हात लावायचा नाही. चालू असलेल्या सर्व्हरला उगाच हात लावू नये, हे ज्याला रोज सांगावं लागतं अशा माणसालाही नाकातला खडा न फिरवणं अवघड जातं!

आईला हे पटणं शक्यच नव्हतं. व्हिडिओ कॉलवर तिचा रोजचा हुकूम: "खोबरेल आणि हळद लाव, आणि फिरवत राहा, नाहीतर चिकटेल." तिची नाळ फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातल्या सोळाव्या अध्यायात बाळाचे कान सहाव्या किंवा सातव्या महिन्यात टोचावेत, मुलाचा उजवा आधी, मुलीचा डावा, आणि छिद्रात तेलात भिजवलेली वात ठेवावी, असं सांगितलं आहे. आपल्याकडे कडुलिंबाची काडी घालायचे, तीही त्याच जातीची. पण पाळी मऊ, भरपूर रक्तपुरवठ्याची आणि लवकर भरणारी. नाकपुडीत कूर्चा असते. तिथे खपली फिरवून मोडली की प्रत्येक वेळी नवी जखम. मी आईला हे समजावलं. ती म्हणाली, "माझं नाक काय मग पडलं का?" यावर कुठल्याही अभियांत्रिकी पदवीत उत्तर नाही.

ऑफिसात कुणी काही बोललं नाही, एका सहकारिणीने फक्त "दुखलं का?" विचारलं. सगळ्यांना हे इतकं सोपं गेलेलं नाही. डर्बनमध्ये दक्षिण भारतीय वंशाच्या एका शाळकरी मुलीच्या नाकातल्या छोट्याशा सोन्याच्या खड्याचं प्रकरण दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयापर्यंत गेलं. २००७ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला.

जानेवारीत मला जोरदार सर्दी झाली. नाक शिंकरून शिंकरून छिद्राशेजारी लाल पुळी उठली. माझ्या पोटात गोळा आला, कारण आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत केलॉइडचं प्रमाण जास्त असतं. डॉक्टरांनी फरक सांगितला: केलॉइड हळूहळू वाढतं, मूळ जखमेची हद्द ओलांडतं आणि आपणहून जात नाही. माझी पुळी घर्षणाने आलेली होती. पांढरट पिवळसर स्राव वाळून खपली धरणं ठीक, पण हिरवट पू, पसरत जाणारी लाली, ठणका, ताप असेल तर लगेच या आणि खडा स्वतःहून काढू नका, असंही त्यांनी बजावलं. खडा काढल्यावर तोंड बंद झालं, तर पू आतच कोंडतो. तीन आठवड्यांत पुळी बसली.

मेमध्ये पुण्याला गेले. लग्नाच्या सकाळी मामी म्हणाली, "काकूंना सांगू का नथ घालून द्यायला?" काकू म्हणजे सवाष्ण, एवढंच त्यामागे होतं. मामीच्या मनात वाईट काही नव्हतं. मी काही बोलायच्या आत आई पुढे झाली. "नथ माझी आहे. तिची तार कशी वळते ते मलाच ठाऊक," म्हणाली. तिने हात धुतले, तार स्पिरिटने पुसली, कोरडी केली, माझी हनुवटी धरली आणि एका दमात नथ आत सरकवली. मामी आरसा धरून उभी राहिली.

अडीच तास नथ नाकात होती. मग जडपणा जाणवू लागला, तशी मी ती काढली आणि टायटॅनियमचा खडा परत बसवला. छिद्र ताजं असलं की रिकामं ठेवून चालत नाही, काही तासांतही आवळतं.

परतीच्या आदल्या रात्री आई माझी औषधांची पिशवी बघत होती. मिठाच्या पाण्याची बाटली उचलून वास घेतला, परत ठेवली. मग विचारलं, "तुझ्या त्या धातूला गंज चढतो का गं?" नाही म्हटलं. "आणि माझ्या वयात छिद्र उरतं का?" तीन वर्षं रिकामं असलेलं तिचं छिद्र मी टॉर्च लावून पाहिलं. चाळीस वर्षांचं जुनं छिद्र सहसा पूर्ण बुजत नाही, तिचंही बुजलेलं नव्हतं, थोडं आवळलं होतं.

"बारीक असू दे," ती म्हणाली. "चमकणारा नको."

माप घेऊन आले आहे. पुढच्या महिन्यात पुण्याला एक मैत्रीण जाते आहे, तिच्यासोबत पाठवीन.