प्रवाळमत्स्यांच्या जोडीतील कलह : एक संकेतविचार

कोनराड लोरेन्झ यांनी आक्रमणवृत्तीवरील आपल्या १९६३ च्या ग्रंथात प्रवाळखडकांवरील माशांच्या भडक रंगांना भित्तिपत्रकांची उपमा दिली. ‘ही जागा माझी’ अशी स्वजातीयांस दिलेली सूचना म्हणजे हे रंग, असे त्यांचे प्रतिपादन होते. हा नियम सरसकट टिकला नाही. कित्येक भडक मासे थव्याने सुखात नांदतात. सागरी एंजलफिशांना मात्र तो पुष्कळसा लागू पडतो. (गोड्या पाण्यातील त्याच नावाचा मासा दक्षिण अमेरिकेतील निराळ्या कुळाचा, नामसादृश्यापलीकडे त्याचा येथे संबंध नाही.)

यांपैकी अनेक मोठ्या जातींचे प्रजातिनाम ‘पोमॅकँथस’. ग्रीकमध्ये ‘पोमा’ म्हणजे झाकण व ‘अकांथा’ म्हणजे काटा. गालावरचा हा काटा झुंजीत शस्त्रासारखा चालतो, हे नाव वाचणाऱ्याने विसरू नये. ‘इम्परेटर’ जातीच्या पिल्लाच्या गर्द निळ्या अंगावर पांढरी वर्तुळे असतात, तर प्रौढावर पिवळे पट्टे. या दोन अवस्था एकेकाळी दोन भिन्न जाती समजल्या गेल्या होत्या! पिल्लाचा वेष वेगळा असल्याने प्रौढाचा रोष त्याच्यावर ओढवत नाही, ही उपपत्ती अनेकांस ग्राह्य वाटते. चिन्ह बदलले की अर्थ बदलतो, तो असा.

मत्स्यालयात जोडी राखण्याचा प्रयत्न बहुधा ‘सेंट्रोपायजी’ प्रजातीतील बुटक्या जातींत होतो. यांतील ज्या जातींचा अभ्यास झाला आहे, त्यांत मासा प्रथम मादी असतो आणि गटात वरचढ ठरला की त्याचा नर होतो. जपानमधील मियाकेजिमा येथे मोयर व नाकाझोनो यांनी १९७८ साली अशा एका जातीचे सविस्तर वर्णन केले. तेव्हा नर आणि मादी हे येथे बव्हंशी श्रेष्ठकनिष्ठतेचे नाते होय. सारख्या आकाराचे दोन मासे एकत्र सोडल्यास हे नाते आधी झुंजून ठरवावे लागते. आकारात स्पष्ट अंतर असल्यास ते दृष्टिक्षेपातच ठरते. म्हणून एक लहान व एक मोठा मासा निवडावा, आणि लहानास काही दिवस आधी टाकीत रुळू द्यावे.

खरी अडचण पुढेच आहे. खडकावर धमकीचे उत्तर एकच, निघून जाणे. पराभूत मासा दृष्टीआड झाला की संवाद संपतो. काचेच्या टाकीत हे उत्तर देणेच अशक्य असते. दुबळा मासा कोपऱ्यात दबून राहिला, तरी तो दिसतच राहतो. आणि त्याचे दिसणे हेच वरचढाच्या लेखी अवज्ञा ठरते. तेव्हा मत्स्यपालकाने स्वभावदोष शोधीत बसण्यापेक्षा उत्तराला वाट करून द्यावी. दृष्टिरेषा तुटेल अशी दगडांची मांडणी, दोन्ही बाजूंस पोहण्याजोगी भगदाडे, अन्न टाकण्याच्या परस्परांपासून दूर दोन जागा, ही त्याची साधने. बुटक्या जोडीलाही ३०० लिटरहून लहान टाकी अपुरीच समजावी. ओळख होईपर्यंत मध्ये सच्छिद्र जाळी बसविणे उत्तम. वरचढाचे लक्ष वळविण्यासाठी काहीजण काचेबाहेर आरसा लावतात; पण प्रतिबिंब कधीच माघार घेत नाही, म्हणून तो उपाय थोडा वेळच बरा.

पाठलाग थोडा, परांची किनार किंचित फाटलेली, आणि रात्री दोघे जवळच्या कपारींत, एवढे असेल तर धीर धरावा. संध्याकाळी दिवे मंदावताना मोठा मासा लहानाच्या वर तरंगत डोलू लागला, तर जोडी जमली असे मानण्यास हरकत नाही. उलट पाठलाग थांबतच नसेल, तर काही दिवस बाहेर काढावयाचा तो वरचढ मासा, दुबळा नव्हे. दगड हलवून त्याला परत सोडले की आता नवखा तो ठरतो. मात्र दुबळ्याने अन्न सोडले असेल, पृष्ठभागाजवळच्या कोपऱ्यात धापा टाकीत असेल, तर हे प्रयोग करीत बसू नये. त्याच दिवशी दोघांस वेगळ्या टाक्यांत ठेवावे.