ओळखीचा डॉक्टर नसलेल्यांची तयारी

निमोण्याच्या वस्तीतली आमची एक भाची एमबीबीएसला आहे. २०१९ च्या अभ्यासक्रमाने आणलेल्या 'इलेक्टिव्ह'साठी तिने मूत्रपिंडविकार निवडला आणि आम्हाला फोन केला, "मामा, यातलं मला काहीच येत नाही."

ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टर, त्यांना वॉर्डात कसे उभे राहायचे ते जेवणाच्या ताटावरच कळते. आमची पोरे ते अपमान गिळून शिकतात. आम्ही पडलो वकील! म्हणून तिला डायलिसिस विभागातल्या ओळखीच्या सिस्टरांकडे धाडले. पहिला धडा तिथेच मिळाला: फिस्टुलाच्या हातावर बीपी घ्यायचा नाही, सुई टोचायची नाही. दुसरा, लॉगबुकवर सही त्याच दिवशी घ्यायची.

आमच्या पदरचे एवढेच सांगितले, की छळ झाला तर तारीखवार लिहून ठेव. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्याने लेखी तक्रारीची चौकशी संस्थाप्रमुखाला ७ दिवसांत करावी लागते.

पण एक गोष्ट तिला आधीच येत होती. मजूर बाया कंबरदुखीवर दुकानातल्या वेदनाशामक गोळ्या रोज खातात, आणि त्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. रुग्णाला तेच आधी विचार, म्हटले. तिच्या आईच्या पिशवीतही तसली पट्टी निघाली. सोमवारी ती हजर होते आहे.