सहा महिने अगोदर

“शुभस्य शीघ्रम्” हें वचन आपल्या घरोघरीं ऐकूं येतें. आणि “उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग” ही म्हणहि त्याच घरांत, बहुधा त्याच आजीबाईंच्या तोंडून ऐकूं येते. पहिलें वचन त्वरा करावयास सांगतें, दुसरी म्हण त्वरा करणारास हसते. दोन्ही खरीं आहेत. परंतु कोणतें कोठें लागू करावें, हें ठरविणें सोपें नाहीं.

आमच्या शाळेचा एक जुना विद्यार्थी सध्यां अमेरिकेंतील जॉर्जिया संस्थानांत राहतो. त्यानें या वर्षीं पत्रानें आम्हांस असाच एक प्रश्न विचारला. त्याच्या मुलाचा एक सोबती, शाळेचें शेवटचें वर्ष अर्धें झालें असतांनाच, डिसेंबरांत शाळा संपवून कॉलेजांत निघाला. आणि तोहि फुटबॉलसाठीं! जितक्या लवकर जाईन तितक्या लवकर मैदानांत उतरेन, असा त्याचा हिशेब. “यानें शहाणपण केलें कीं घाई केली, असें मुलगा मला विचारतो. काय सांगूं?” असें त्या गृहस्थानें लिहिलें. ज्याला एके काळीं आम्हीं गणित शिकविलें त्याला ‘आम्हांस ठाऊक नाहीं’ असें उत्तर धाडणें जिवावर आलें, म्हणून आम्हीं या विषयाचा थोडा शोध केला. तो येथें मांडीत आहों. प्रश्न परदेशांतील असला, तरी तो ज्या काळजीतून निघाला ती काळजी आमच्या वाचकांच्या घरांतहि आहे.

प्रथम हें सांगणें अवश्य आहे कीं, अमेरिकेंत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आमचीं मुलें संध्याकाळीं मैदानावर खेळतात तो खेळ नव्हे. तेथील चेंडू लंबगोल असतो. तो हातांत धरून पळतात, हातानें फेंकतात, आणि पायानें क्वचितच मारतात. प्रत्येक बाजूचे अकरा गडी मैदानांत असतात. परंतु चढाई करणारे अकरा निराळे आणि बचाव करणारे अकरा निराळे. प्रत्येक डाव कांहीं सेकंदांचाच असतो, आणि त्यांत कोणीं कोठें पळावें, कोणीं कोणास अडवावें, हें आधींच ठरलेलें असतें. असे शेंकडों डाव पोथीप्रमाणें पाठ करावे लागतात. चढाई करणारांचा जो म्होरक्या, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. त्याला स्वतःचें काम तर यावेंच लागतें, पण उरलेल्या दहांचेंहि ठाऊक असावें लागतें. मोठ्या कॉलेजांच्या संघांत शंभरांच्या आसपास गडी असतात. जागा मात्र बावीस, आणि चेंडू पायानें मारणारे दोन-तीन धरले तर थोड्या अधिक. या आंकड्यांतच सर्व चुरस आली.

आतां पंचांग पाहूं. अमेरिकेंत शाळेचें वर्ष मे-जूनमध्यें संपतें. कॉलेजांचे फुटबॉलचे सामने ऑगस्टअखेर सुरू होतात. नेहमींचे बारा सामने नोव्हेंबरअखेर आटोपतात, आणि अजिंक्यपदाचा सामना जानेवारींत होतो. सामान्य रीत अशी कीं, मुलानें मे-जूनमध्यें शाळा पुरी करावी, उन्हाळ्यांत कॉलेजांत दाखल व्हावें, ऑगस्टमध्यें कांहीं आठवडे सराव करावा, आणि लगेच सामन्यांस उभें राहावें. जो अगोदर जातो तो जानेवारींतच कॉलेजचा विद्यार्थी होतो. त्याच्या पदरीं पांच-सहा महिने अधिक पडतात.

ही रीत फार जुनी नाहीं. १९७२ पर्यंत, युद्धकाळांतील सवलत सोडली तर, मोठ्या कॉलेजांच्या मुख्य संघांत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास खेळूंच देत नसत. त्यानें वर्षभर नवख्यांच्या संघांत खेळावें व अभ्यासांत रुळावें, असा दंडक होता. त्या वर्षीं तेथील कॉलेजांच्या क्रीडामंडळानें हा दंडक उठविला. पुढें, २०१७ पासून, मुलांना डिसेंबरांतच कॉलेजांशीं करार करण्याची मुभा मिळाली. पूर्वीं त्यासाठीं बहुतेकांस फेब्रुवारीपर्यंत थांबावें लागे. डिसेंबरांत करार झाला कीं जानेवारींत बाडबिस्तरा बांधावा, असें मनांत येणें साहजिकच होतें.

मग या अधिक महिन्यांत मिळतें काय? आमच्या मतें तीन गोष्टी मिळतात. पहिली, शरीर. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाची गांठ येथें एकवीस-बावीस वर्षांच्या जवानाशीं पडते. अडविणाऱ्या गड्यांत तर १३५ किलोंहून अधिक वजनाचे कित्येक असतात. जानेवारीपासून नियमित व्यायाम व आहार मिळाला, तर ऑगस्टांत तो मुलगा थोडा तरी भरलेला असतो. दुसरी गोष्ट, डोकें. वसंत ऋतूंत प्रत्येक संघास पंधरा सरावांची मुभा असत आली आहे. उन्हाळ्यांत येणाऱ्या मुलास या पंधरांतील एकहि लाभत नाहीं. सामना नाहीं, घाई नाहीं. चुकलें तर पुन्हां करून घेतात. म्हणून डावांची पोथी अंगीं मुरविण्यास याहून चांगला काळ नाहीं. तिसरी गोष्ट, कोचची नजर. ऑगस्टांत जागा वांटतांना ज्याचें काम पंधरा वेळां पाहिलें आहे त्याचें नांव आधीं आठवतें. हा मनुष्यस्वभाव आहे. यांत आणखी एक जमेस धरावें. घरापासून दूर राहणें, स्वतःचें वेळापत्रक सांभाळणें, कॉलेजचा अभ्यास कसा असतो तें पाहणें, ही पहिली ठेंच त्या मुलास सामने नसतांना लागते.

उदाहरणें पाहिलीं तर हा फायदा डोळ्यांत भरतो. जॉर्जियांतील कार्टर्सव्हिल गांवचा ट्रेव्हर लॉरेन्स २०१८ च्या जानेवारींत क्लेमसन विद्यापीठांत गेला. त्याच्यापुढें शेवटच्या वर्षाचा एक अनुभवी क्वार्टरबॅक होता. तरी पांचव्या सामन्यापासून ती जागा लॉरेन्सकडे आली. संघ एकहि सामना न हरतां अंतिम सामन्यास पोंचला, आणि ७ जानेवारी २०१९ रोजीं त्यानें अलाबामाचा ४४-१६ असा पराभव केला. २०२४ च्या जानेवारींत ओहायो स्टेट विद्यापीठांत गेलेल्या जेरेमाया स्मिथनें पहिल्याच वर्षीं चेंडू झेलणारांत अग्रस्थान मिळविलें, आणि त्याचाहि संघ २०२५ च्या जानेवारींत अजिंक्य ठरला. एवढें वाचून कोणी आपल्या मुलाची पेटी भरावयास घेतली, तर त्यास दोष देतां येणार नाहीं.

परंतु येथें थोडें थांबावें. जॉर्जियांतच राईट्सव्हिल गांवीं हर्शेल वॉकर नांवाचा एक मुलगा होता. १९८० सालीं, ईस्टरच्या रविवारीं, त्यानें जॉर्जिया विद्यापीठांत जाण्याचें ठरविलें. तेव्हां तो अजून शाळेंतच होता; कॉलेजचा वसंतांतील सराव त्यानें केला नव्हता. सप्टेंबरांत टेनेसीविरुद्ध पहिल्या सामन्यास तो सुरुवातीस बाहेरच होता. संघ मागें पडला तेव्हां त्याला आंत धाडलें. त्यानें दोनदां चेंडू शेवटच्या रेषेपार नेला, आणि जॉर्जियानें तो सामना १६-१५ असा जिंकला. त्या वर्षीं जॉर्जिया अजिंक्य ठरलें. म्हणजे अगोदर न जातांहि पहिल्या वर्षीं खेळतां येतें, आणि सर्वांपेक्षां चांगलें खेळतां येतें.

तर मग खरें काय? येथें एक तर्काची चूक दाखविणें आम्हांस भाग आहे. विद्यार्थ्यांनीं ती ध्यानांत ठेवावी. शाळेंत शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठीं जादा वर्ग असतो. त्या वर्गांतील मुलें इतरांपेक्षां अधिक संख्येनें उत्तीर्ण होतात. यावरून जादा वर्गच त्यांना उत्तीर्ण करतो, असें म्हणावें काय? अर्धें म्हणावें. कारण त्या वर्गांत निवडलेलीं मुलें आधींच हुशार असतात. तीं वर्गाविनाहि बरींच उत्तीर्ण झालीं असतीं. फुटबॉलचें तसेंच आहे. कॉलेजें ज्यांना लवकर बोलावतात, ते बहुधा तेच असतात ज्यांना लवकर खेळवावयाचें आहे. म्हणून अगोदर गेलेल्यांत पहिल्या वर्षीं खेळणारे अधिक दिसतात. दोन गोष्टी हातांत हात घालून चालल्या म्हणजे एक दुसरीची आई ठरत नाहीं. कित्येकदां दोघी बहिणी असतात, आणि आई मागें घरांत असते. येथें ती आई म्हणजे त्या मुलाची मूळची योग्यता आणि संघाची गरज.

गरज हा शब्द आम्हीं मुद्दाम लिहिला. जेक फ्रॉम नांवाचा क्वार्टरबॅक २०१७ च्या जानेवारींत जॉर्जिया विद्यापीठांत गेला. पहिल्याच सामन्यांत त्याच्यापुढील गड्यास दुखापत झाली, आणि फ्रॉमला उभें राहावें लागलें. वसंतांतील सरावामुळें तो तयार होता हें खरें. पण जागा रिकामी झाली ती अपघातानें. त्याच महिन्यांत हवाईचा टुआ टॅगोव्हायलोआ अलाबामांत दाखल झाला. त्याच्यापुढें जेलन हर्ट्स होता, आणि तोहि एक वर्षापूर्वीं, २०१६ च्या जानेवारींत, असाच अगोदर येऊन पहिल्याच वर्षीं जागा मिळविलेला. टुआस बहुतेक वर्ष बांकावर काढावें लागलें. ८ जानेवारी २०१८ च्या अंतिम सामन्यांत अर्ध्या वेळीं अलाबामा ०-१३ असें मागें होतें. तेव्हां हर्ट्सला बसवून टुआस आंत धाडलें, आणि संघानें तो सामना २६-२३ असा जिंकला. दोघेहि अगोदर आलेले; एकास जागा लवकर मिळाली व लवकरच गेली, दुसऱ्यास उशिरां मिळाली. पुढें हर्ट्सनें अलाबामांतून पदवी घेतली, दुसऱ्या विद्यापीठांत एक वर्ष खेळला, आणि २०२५ च्या फेब्रुवारींत व्यावसायिक खेळाच्या सर्वांत मोठ्या सामन्यांत उत्कृष्ट खेळाडू ठरला.

जागेजागेंतहि फरक आहे. ज्याला चेंडू घेऊन पळावयाचें आहे, त्याचें बरेंचसें बळ जन्मजात पायांत असतें. वॉकरची गोष्ट त्यामुळें शक्य झाली. क्वार्टरबॅकला पोथी मुखोद्गत हवी, आणि अडविणाऱ्या गड्यास वजन व ताकद हवी. पंधरा सराव आणि एक हिंवाळा यांचा उपयोग या दोघांस अधिक. शिवाय, थोडे लोक अगोदर जात तेव्हां जाणाऱ्यास आघाडी मिळे. आतां बरोबरीचे बहुतेक निघाले म्हणजे ती आघाडी उरत नाहीं. न जाणारा मात्र मागें पडतो. मेळ्यांत पुढचा मनुष्य उठून उभा राहिला म्हणजे मागच्या सर्वांस उभें राहावें लागतें, आणि दिसतें पूर्वींइतकेंच! त्यांत २०२१ पासून एका कॉलेजांतून दुसऱ्या कॉलेजांत जाऊन लगेच खेळण्याची वाट मोकळी झाली. म्हणून जानेवारींत नव्या मुलाच्या शेजारीं दोन-तीन वर्षें खेळलेला गडीहि त्याच जागेसाठीं येऊन उभा राहतो.

आतां खर्चाची बाजू. येथें आम्ही पैशाविषयीं बोलत नाहीं. मोठ्या कॉलेजांत खेळावयाचें तर शाळेचे सोळा मुख्य विषयाभ्यास पुरे करावे लागतात, आणि त्यांत चार वर्षांचें इंग्रजी असतें. डिसेंबरांत निघावयाचें तर शेवटच्या अर्ध्या वर्षाचा अभ्यास आधींच्या उन्हाळ्यांत किंवा जादा तासांत भरून काढावा लागतो. तो खरोखर भरला गेला, कीं नुसता नोंदवहींत भरला, हें पालकांनींच पाहावें. नंतर त्या मुलाचें शेवटचें वसंतसत्र जातें: शाळेचा बेसबॉल, धांवण्याच्या शर्यती, मित्रांबरोबरच्या संध्याकाळी. पदवीदानास परत येतां येतें. पण ते महिने परत येत नाहींत.

मॉरिस क्लॅरेट नांवाचा मुलगा २००२ च्या जानेवारींत ओहायो स्टेटमध्यें असाच अगोदर गेला. त्या वर्षाच्या अंतिम सामन्यांत, २००३ च्या जानेवारींत, विजयाची धांव त्याचीच. पुढील वर्षीं मात्र विद्यापीठानें त्याला खेळण्यास बंदी केली, आणि कॉलेजच्या मैदानांत तो पुन्हां कधींच उतरला नाहीं. या दुर्दैवाचें कारण लवकर प्रवेश होतें असें म्हणणें म्हणजे आम्हीं वर दाखविलेली चूक स्वतःच करणें होय. आम्ही इतकेंच म्हणतों कीं, लवकर मैदानांत उतरणें आणि पुढें नीट चालणें या दोन निराळ्या परीक्षा आहेत. २०१८ मध्यें तेथें असा नियम झाला कीं, नव्या मुलानें चार सामन्यांपर्यंत खेळलें तरी तें वर्ष त्याच्या हिशेबांत धरूं नये. अनुभवी लोकांसहि वाट पाहण्याची किंमत कळते, हें यावरून दिसतें.

आम्हीं त्या जुन्या विद्यार्थ्यास उत्तर धाडलें तें असें. अगोदर जाण्यानें दार लवकर उघडतें. खुर्ची रिकामी होत नाहीं. तेव्हां तीन गोष्टी विचाराव्या. त्या संघांत त्याच्या जागेवर येत्या वर्षीं कोण आहे? त्याची जागा पाठांतराची व ताकदीची आहे, कीं जन्मजात चपळाईची? आणि शाळेचा अभ्यास पुरा होऊन मुलगा स्वतःच्या खुशीनें चालला आहे, कीं मागें पडूं या भीतीनें? तिन्ही उत्तरें चांगलीं आलीं, तर त्यानें अवश्य जावें. तिसरें वाईट आलें, तर पहिल्या दोहोंकडे पाहूं नये.

आमच्या वाचकांपैकीं कोणाचा मुलगा या खेळास जाण्याचा संभव थोडा. परंतु एक इयत्ता गाळून मुलास वर चढवावें, दहावीच्या आधींच पुढचा क्लास लावावा, असा विचार पुष्कळ घरांत होतो. तेथेंहि हेच तीन प्रश्न थोड्या फरकानें विचारतां येतील. तो मुलगा जानेवारींत गेला, असें नंतरच्या पत्रांतून कळलें. जाण्यापूर्वीं इंग्रजीचा पेपर त्यानें चांगला सोडविला, असेंहि लिहिलें आहे. तो खेळेल कीं नाहीं, हें ऑगस्टअखेर कळेल.